गोष्टीत कुणीच खोटं बोललं नाही, मग आपण फसलो कसे?

शेवटच्या परिच्छेदात डाव पालटणारी कथा वाचून झाली की वाचकाची तक्रार ठरलेली असते: लेखकाने बनवलं आम्हाला. मग तोच वाचक पानं मागे उलटून खोटं वाक्य शोधायला लागतो आणि ते काही केल्या सापडत नाही. जे लिहिलंय ते सगळं खरं निघतं. तरीही मधल्या पानांवर त्याची पक्की खात्री झालेली असते की अमुक माणूस चोर आहे, तमुक बाई वारली आहे किंवा गोष्ट सांगणारा पुरुष आहे. ही खात्री आली कुठून?

बऱ्याच कथांमध्ये ती येते नजर बदलण्यातून. कथा एका पात्राच्या डोळ्यांनी सुरू होते, मध्येच दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसायला लागते, आणि या अदलाबदलीत पहिल्या पात्राचा नुसता संशय दुसऱ्या भागात वस्तुस्थिती होऊन बसतो. समीक्षक याला निवेदनाच्या दृष्टिकोनातला बदल म्हणतात.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून एक छोटी कथाच घेऊ. ती कुठे छापलेली नाही. आमच्या ठाण्यातल्या वाचनगटात वाद घालायला म्हणून मी ती लिहिली. जागा नौपाड्यातली तीन मजली जुनी इमारत, पुनर्विकासाला निघालेली. सहा महिन्यांत घरं रिकामी करायची आहेत. कुणी घोडबंदर रोडला भाड्याने जाणार, कुणी कळव्याला, आणि जिन्यात दुसरा विषय नाही. कथेचा पहिला तुकडा असा:

«रविवारी सकाळी साडेसहाला निखिल पुन्हा अप्पांच्या दारातून बाहेर पडला. हातात तीच निळी पिशवी, आज जरा जास्तच फुगलेली. सुलभाताई दुधाची पिशवी घ्यायला दार उघडत होत्या, त्या तशाच थबकल्या. तळमजल्यावर कुणीतरी खाकरलं, तशी निखिलने पिशवी चटकन अंगाआड केली. अप्पांना डोळ्यांनी कमी दिसतं. मुलगा बंगळूरला. सहा महिन्यांत घर रिकामं करायचं. हे सगळं या पोराला माहीत आहे.»

मग एक ओळ मोकळी, आणि दुसरा तुकडा:

«अप्पांनी कपाटाच्या काचेवर हात ठेवला. वरचे दोन कप्पे मोकळे झाले होते. फळीवरच्या धुळीत चौकोनी खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. फोन वाजला. महेशचा होता. 'बाबा, सगळं ठीक ना?' 'ठीक आहे रे.' 'कपाटाचं काही ठरवलंत?' 'बघू,' अप्पा म्हणाले. गेलेलं काही परत येणार नव्हतं, आणि महेशला सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी फोन ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी उशीखाली सरकवली.»

गटात इथे वाचन थांबवून मी विचारलं, आतापर्यंत काय काय घडलं ते सांगा. जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच. निखिल अप्पांच्या घरातून वस्तू लांबवतोय, अप्पांच्या ते लक्षात आलंय, पण मुलाला सांगायची त्यांना लाज वाटतेय. एका काकांनी तर 'चांदीची भांडी' असं नावही घेऊन टाकलं. 'हे कुठे लिहिलंय?' असं विचारल्यावर कागद वरखाली झाले, चष्मे पुसले गेले. चांदी नाही, चोरी नाही, लाजही नाही.

तिसऱ्या तुकड्यात उलगडा होतो. कपाटात दिवाळी अंक होते. अप्पांच्या बायकोने लग्नाच्या वर्षापासून जमवलेले, एकही वर्ष न चुकवता. घर बदलायच्या आधी ते रद्दीत घालायचे असा महेशचा हुकूम होता. भाड्याच्या घरात एवढा कागद ठेवणार कुठे, हा त्याचा मुद्दा तसा रास्तच. अप्पा दर रविवारी थोडे थोडे अंक निखिलच्या घरी पोचवत होते आणि महेशच्या कानावर जाता कामा नये अशी तंबी देत होते. तळमजल्यावर महेशचा शाळासोबती राहतो, म्हणून पिशवी अंगाआड. (गटातल्या एका ताईंनी विचारलं, १८९३ सालापासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे, तिथे का नाही देऊन टाकले? प्रश्न बरोबर आहे. कथेत उत्तर नाही.)

आता उलट जाऊन बघू.

पहिल्या तुकड्याची शेवटची चार वाक्यं पुन्हा वाचा. अप्पांना कमी दिसतं, हे खरं. मुलगा बंगळूरला, खरं. घर रिकामं करायचंय, खरं. हे निखिलला माहीत आहे, तेही खरंच. त्याच इमारतीत राहतो, माहीत नसायला काय झालं? चारही वाक्यं सुटी सुटी निर्दोष आहेत. एका रांगेत बसवल्यावर मात्र त्यांचा आरोप तयार होतो, आणि ही रांग लावली सुलभाताईंनी. 'सुलभाताईंना वाटलं' असं कुठेही म्हटलेलं नाही. पण दोन खुणा आहेत. एक म्हणजे 'या पोराला'. निवेदक तर आधीपासून त्याला निखिल म्हणत आलाय. 'पोर' हे सुलभाताईंच्या तोंडचं. दुसरी खूण क्रियापदांत आहे. 'बाहेर पडला', 'थबकल्या', 'अंगाआड केली' असा भूतकाळ चालू असताना अचानक 'दिसतं' आणि 'माहीत आहे' येतं. काळ जिथे बदलला, तिथे आपण जिन्यातून उठून सुलभाताईंच्या डोक्यात शिरलो. ते जाणवत नाही, कारण रोजच्या बोलण्यातही आपण असेच सांगत असतो: 'मी बघितलं तर दार उघडं. म्हटलं, आता हा कुठे गेला? किल्ली तर माझ्याकडे आहे.' घडलेलं आणि मनात आलेलं एकाच दमात.

मराठीत हा खेळ फार सोपा आहे. मनातला विचार सांगताना त्या विचाराचा मूळ काळ बदलायची गरज नाही, कर्ता गाळला तरी चालतो, अवतरणचिन्हांची सक्ती नाही. 'महेश उद्या येणार. आला की सगळं विचारणार.' हे निवेदक आपल्याला सांगतोय, की अप्पा मनाशी घोकताहेत? वाक्यात याचं उत्तर नाही. आजूबाजूच्या वाक्यांवरून ते काढायचं, आणि वाचक घाईत असेल तर तो ते निवेदकाच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो. निवेदकाच्या खात्यावर जमा झालं म्हणजे खरंच असणार, हे आपण लहानपणापासून गृहीत धरतो. 'एक आटपाट नगर होतं' असं कुणी म्हटलं की ते कशावरून, असं आपण विचारत नाही.

हा गुंता सोडवायला जेरार जेनेट या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ साली दोन प्रश्न वेगळे करून दाखवले: बोलतं कोण? आणि पाहतं कोण? आवाज एकाचा आणि डोळे दुसऱ्याचे असू शकतात. आपल्या पहिल्या तुकड्यात आवाज निवेदकाचा आहे, डोळे सुलभाताईंचे. त्याआधी १९६१ साली अमेरिकेत वेन बूथ यांनी 'अविश्वसनीय निवेदक' ही कल्पना मांडली होती, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा सांगणारा. ती कल्पना जास्त गाजली. पण माझ्या मते सावध वाचकाला जेनेटचे दोन प्रश्नच जास्त कामाला येतात. 'मी' म्हणून सांगणाऱ्यावर आपण जरा तरी संशय घेतो. 'तो', 'ती', 'त्यांनी' अशा निवेदनात डोळे कुणाचे हे तपासायचं सुचतच नाही.

आता दोन तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या ओळीकडे येऊ. फसगत तिथे होते.

ठाणे स्टेशनात गाडी उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि क्षणभर आपलीच सुटली असं वाटतं. खिडकीतून फलाटाचा खांब दिसत असेल तर असं होत नाही. खिडकीभर फक्त ती दुसरी गाडीच असेल तर होतं. कथेत तो खांब म्हणजे निवेदकाने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलेली एखादी गोष्ट. दुसऱ्या तुकड्यात असा खांबच नाही. तिथे पोचताना वाचकाजवळ एकच आधार असतो, सुलभाताईंचा संशय. अप्पांचा हात, मोकळे कप्पे, फोनवरचं 'बघू' हे सगळं तो त्या संशयाच्या मानाने मोजतो. खरं तर सुलभाताईंचं डोकं सोडलं तेव्हाच त्यांचं मतही तिथे ठेवून यायला हवं होतं. पण तसं कुणी करत नाही.

यात आळसापेक्षा स्मरणशक्तीचा हात मोठा. मार्शिया जॉन्सन, शाहीन हश्त्रूदी आणि स्टीफन लिंडसे या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली आठवणींच्या उगमाविषयी एक मांडणी केली. तिचं सार असं की एखादी गोष्ट आठवणं वेगळं, आणि ती कुठून कळली हे आठवणं वेगळं. मेंदू प्रत्येक माहितीला 'ही अमक्याकडून' अशी चिठ्ठी लावून ठेवत नाही. आठवायची वेळ आली की उगम अंदाजाने जुळवतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलेली वावडी महिनाभराने आपण 'अहो, नोटीसच लागली होती ना' म्हणून दुसऱ्याला सांगतो, त्यातलाच हा प्रकार. कथेत महिना लागत नाही, एक मोकळी ओळ पुरते. 'निखिलबद्दल सुलभाताईंना असं वाटतं' यातलं 'सुलभाताईंना वाटतं' गळून पडतं आणि उरलेलं पुढच्या तुकड्यात जातं.

लघुकथेत हे जास्त साधतं. कादंबरीत एखाद्या पात्राची नजर पन्नास पानं आपल्यासोबत असते. कुठे कुठे ते पात्र चुकतं हे बघितलेलं असतं, त्याच्या मताला किती किंमत द्यायची हे कळतं. सुलभाताई आपल्याला भेटतात अर्ध्या पानापुरत्या. त्या बारकाईने बघणाऱ्या आहेत की उगाच संशय घेणाऱ्या, हे ठरवायला वेळच मिळत नाही. पुराव्याच्या पाठीशी साक्षीदाराची ओळख नाही, आणि तरी आपण तो पुरावा धरून चालतो.

नजर बदलली की वाचक फसतोच असंही नाही. जपानी लेखक र्‍युनोसुके अकुतागावा यांची १९२२ सालची 'यबु नो नाका' ही कथा बघा. बांबूच्या बनात एका माणसाचा मृत्यू झालाय आणि सात जणांच्या जबान्या एकापाठोपाठ एक येतात. लुटारू म्हणतो मी मारलं. बायको म्हणते मी मारलं. मेलेला माणूस अंगात मृतात्मा येणाऱ्या बाईच्या तोंडून सांगतो की मी स्वतःच जीव दिला. कुरोसावांच्या १९५० सालच्या 'राशोमोन' या चित्रपटाचं मुख्य कथानक इथूनच आलं; नाव मात्र अकुतागावांच्याच दुसऱ्या कथेचं. ही कथा वाचून डोकं चक्रावतं, पण फसल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक जबानीवर नाव आहे, कोण बोलतंय हे आधीच सांगितलंय, आणि लेखक स्वतः एका शब्दानेही मध्ये पडत नाही. म्हणजे नजरा किती बदलल्या यापेक्षा बदलाची पाटी लावली होती की नाही, हा प्रश्न मोठा.

आणखी एक प्रकार आहे. त्यात माणूस तोच राहतो, फक्त त्याच्यापासूनचं आपलं अंतर बदलतं. मला हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर वाटतो. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांची 'अ‍ॅन ऑकरन्स अ‍ॅट आउल क्रीक ब्रिज' ही कथा १८९० सालची. इतक्या जुन्या कथेचा शेवट सांगायला हरकत नसावी. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे. अलाबामातल्या एका रेल्वे पुलावर पेटन फार्कर नावाच्या जमीनदाराला फाशी देण्याची तयारी झाली आहे. सुरुवातीचं वर्णन पंचनाम्यासारखं: फळ्या कशा टाकल्यात, शिपाई कुठे उभे आहेत, दोर कशाला बांधलाय. निवेदक दूर उभा राहून सांगतोय. मग हळूच एक आवाज ऐकू येतो, लोहाराने ऐरणीवर घाव घालावा तसा, आणि तो निघतो फार्करच्या खिशातल्या घड्याळाची टिकटिक. पुलावरच्या दुसऱ्या कुणालाही टिकटिक अशी ऐकू येणार नाही. इथे आपण पंचनामा सोडून फार्करच्या कानात शिरलो. मधला भाग मागे जाऊन तो इथवर कसा आला ते सांगतो. पुढे दोर तुटतो, तो नदीत पडतो, गोळ्या चुकवत पोहतो, रात्रभर चालून घराच्या फाटकाशी येतो, बायको समोर दिसते. आणि शेवटच्या वाक्यात निवेदक पुन्हा दूर जाऊन सांगतो की फार्करचं प्रेत पुलाखाली लटकतंय. ती सुटका फाशीच्या त्या काही क्षणांत त्याच्या मनात घडली.

बिअर्सने खोटं सांगितलं का? सुटकेच्या भागात फार्करला काठावरच्या झाडांची पानं, त्या पानांच्या शिरा, त्यांच्यावरचे किडेसुद्धा दिसतात. वाहत्या पाण्यात बुडता बुडता हे दिसणं शक्य नाही. लेखकाने खूण ठेवली आहे. पण ती वाचताना आपण म्हणतो, वा, काय वर्णन आहे! आणि पुढे जातो.

खूण ठेवणं आणि न ठेवणं, यावरच न्यायाचा प्रश्न येतो. कुठली फसवणूक चालते आणि कुठली चालत नाही?

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी यावर फार आधी डोकं घातलं. इंग्लंडमधले धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली दहा नियम घालून दिले. त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेत लवकर यायला हवा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवलेत असा माणूस गुन्हेगार असता कामा नये. नववा नियम म्हणतो की डिटेक्टिव्हच्या मित्राने, म्हणजे वॉटसनसारख्या पात्राने, आपल्या मनात येणारं काही वाचकापासून लपवू नये. गंमत अशी की तीनच वर्षं आधी, १९२६ साली, अगाथा ख्रिस्ती यांनी 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये नेमकं हेच करून ठेवलं होतं. तिथे गोष्ट सांगणारा डॉक्टर शेपर्ड हाच खुनी. तो एकही वाक्य खोटं लिहीत नाही. मध्ये दहा मिनिटं आहेत, तेवढी उडी मारून तो पुढचं सांगतो. यावर वाचकांत तेव्हा तट पडले आणि आजही पडतात.

नॉक्सचा नियम जसाच्या तसा घेतला तर निम्म्या चांगल्या कथा बाद होतील. मी तो थोडा सैल करून वापरेन. पात्र जे चुकीचं समजतंय ते दाखवून वाचकाला चुकवलं, तर चालेल. ज्याच्या डोक्यात आपल्याला बसवलंय, त्याच्या डोक्यात त्या क्षणी जे असायलाच हवं तेच लपवलं, तर नाही. सुलभाताईंना खरोखरच संशय आलाय. तो दाखवण्यात लबाडी नाही. अडचण दुसऱ्या तुकड्यात आहे. अप्पा कपाटापुढे उभे आहेत. त्यांच्या मनात दिवाळी अंकच असणार, बायकोच असणार. आपण त्यांच्या मनात असू, तर हे दोन्ही शब्द न आणणं ही चोरी झाली, आणि चोर निखिल नाही, मी.

म्हणून तो तुकडा मुद्दाम बाहेरून लिहिला आहे. हात, काच, धूळ, फोन, कुलूप, चावी: खोलीत कॅमेरा ठेवला असता तर एवढंच दिसलं असतं. वाचकाला मात्र आपण अप्पांच्या मनात आहोत असं वाटतं, कारण पहिला तुकडा सुलभाताईंच्या मनात संपला होता. एका डोक्यातून निघालो म्हणजे दुसऱ्या डोक्यातच पोचलो असणार, हा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात तो खोलीतच उभा आहे.

अपवाद एका वाक्याचा. 'गेलेलं काही परत येणार नव्हतं, आणि महेशला सांगण्यात अर्थ नव्हता.' हे कॅमेऱ्याला दिसत नाही. गटात यावर चांगलीच जुंपली. काहींचं म्हणणं, हे वाक्य दुसऱ्यांदा वाचतानाही खरंच ठरतं: बायको गेली, घर जाणार, अंक दुसऱ्याच्या घरी गेले, आणि महेशला पटणार नाही हेही खरं. बाकीच्यांचं म्हणणं, दोन्हीकडे लागू पडेल असं वाक्य घडवणं हीच लबाडी. महाभारतात युधिष्ठिराने 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं तेव्हा शब्दशः खोटं काही नव्हतं. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारलाच होता. पण नेहमी खरं बोलणाऱ्याच्या तोंडून ते आलं म्हणून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला. म्हणजे व्यासांचा निकाल लागलेला आहे. माझं वाक्य मी तरीही ठेवलं. द्रोणांना पान उलटून पुन्हा वाचायची सोय नव्हती, वाचकाला आहे.

या जागी पुढची दोन वाक्यं घालून बघा, म्हणजे हद्द कुठे ओलांडली जाते ते लगेच दिसेल. 'निखिलला घरात घेतल्याचा त्यांना पस्तावा होत होता.' हे सरळ खोटं. निवेदकाने स्वतःच्या आवाजात सांगितलेलं. 'सुलभा म्हणाली ते खरंच असेल का?' हेही खोटं, फक्त प्रश्नाच्या वेशात. अप्पांना असा प्रश्न पडूच शकत नाही. दुसऱ्या तऱ्हेची वाक्यं छापील कथांमध्ये सर्रास सापडतात, आणि अशा कथेचा शेवट कितीही चमकदार असो, ती पुन्हा वाचावीशी वाटत नाही.

गटातल्या एकाने पर्याय सुचवला. दुसरा तुकडा अप्पांकडे नकोच, महेशकडे द्या. तो बंगळूरच्या ऑफिसात फोन कानाला लावून बसलाय. बाबांचा आवाज त्याला नेहमीसारखा वाटत नाही, कपाटाचं विचारलं की ते विषय बदलतात. महेशला खरंच काही माहीत नाही, त्यामुळे लपवालपवीचा आळच येत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. तरी मला ते फिकं वाटतं. दोन माणसं एकाच दिशेला चुकताहेत, एवढंच होतं. अप्पांच्या शेजारी उभं राहूनही अप्पा न कळणं, हे त्यात हरवतं.

बारकाईने वाचणाऱ्याला दुसऱ्या तुकड्यात एक प्रामाणिक खूण मिळते. निवेदक त्यांना 'अप्पा' म्हणतो. घरात ते 'बाबा' आहेत, कागदोपत्री वसंतराव असतील, बायको त्यांना 'अहो' म्हणत असेल. 'अप्पा' ही इमारतीतली हाक आहे, जिन्यातली. म्हणजे अप्पांच्या खोलीत उभे राहूनही आपण शेजाऱ्यांच्याच नावाने त्यांना ओळखतोय. त्यांच्या आत अजून गेलोच नाही. मराठी कथेत नात्याची हाक हा नजरेचा फार चांगला पुरावा असतो. एकाच बाईला एका परिच्छेदात 'वहिनी', दुसऱ्यात 'सूनबाई' आणि तिसऱ्यात नुसतं 'शुभा' म्हटलं असेल, तर डोळे तीनदा बदललेत, लेखकाने सांगितलं असो वा नसो.

उलट, काही गोष्टी लपवायला मराठी फारशी मदत करत नाही. 'मी आलो' की 'मी आले', 'मी बसतो' की 'मी बसते' यात बाई की पुरुष ते लगेच फुटतं. सांगणारा कोण हे शेवटापर्यंत झाकायचं असेल तर लेखकाला फक्त 'मी दार उघडलं', 'मी चहा केला', 'मला राग आला' अशा वाक्यांवर भागवावं लागतं. क्रियापद दाराप्रमाणे, चहाप्रमाणे चालतं आणि 'मी' बचावतो. भविष्यकाळही सोयीचा, 'मी जाईन' कुणीही म्हणावं. आदरार्थी 'त्यांनी' तर वरदानच: एक की अनेक, बाई की बुवा, काहीच कळत नाही. पण अशा कथेत पानभर कुणी येत नाही, जात नाही, उठत नाही, झोपत नाही. सगळे नुसती दारं उघडतात आणि चहा करतात. ते खटकलं की समजावं, काहीतरी झाकलंय. (हा लेख लिहिणारं कोण, बाई की पुरुष, हे तुम्ही एव्हाना मनाशी ठरवून टाकलं असेल. आधार शोधून बघा.)

एकाच परिच्छेदात चार डोक्यांतून उड्या मारणारं निवेदनही असतं. आत्या काय म्हणाली, ते ऐकून मामांना काय वाटलं, मामांचा चेहरा बघून नवरदेव कसा घाबरला. विनोदी कथेत ते झकास चालतं, कारण तिथे वाचक सगळ्यांच्या वर बसलेला असतो. गंभीर कथेत ते बहुधा लेखकाचा हलगर्जीपणा असतो, आणि त्यात शोधण्यासारखं काही नसतं.

ज्यांना हे स्वतः करून बघायचंय त्यांनी एखादी उलट्या शेवटाची कथा घ्यावी आणि शेवट माहीत असताना पेन्सिलने प्रत्येक वाक्यापुढे मालकाचं नाव लिहावं: हे सुलभाताईंचं, हे निवेदकाचं, हे अप्पांचं. बहुतेक वाक्यं पटापट वाटली जातात. थोडी अशी निघतात की ज्यांना दोन मालक चालतील. लेखकाची खरी मेहनत तिथे झालेली असते, आणि लबाडी झाली असेल तर तीही तिथेच सापडते.

एक वाक्य मात्र वाटणीत येत नाही, ते म्हणजे शीर्षक. ते सुलभाताईंचं नाही, अप्पांचं नाही, निवेदकाचंही पुरतं नाही, ते लेखकाचं. गटात कथेला 'चोरी' हे नाव सुचलं होतं. उपरोध छान आहे, पण मग पहिल्या ओळीच्या आधीच लेखकाने सुलभाताईंच्या बाजूने साक्ष दिल्यासारखं होतं, आणि ती मागे घेता येत नाही. 'रद्दी' म्हटलं तर उलगडा आधीच होतो. शेवटी 'कपाट' ठेवलं. काकांना ते आवडलेलं नाही. त्यांच्या मते अप्पांनी निदान चांदीचं एखादं फुलपात्र तरी ठेवायला हवं होतं.